माँटेग्यू नॉर्मन : गिरण्यांचा हिशेब मांडणारे गव्हर्नर



स्मरणिकेसाठी प्रत्येकाने काहीतरी लिहायचं ठरलं, तेव्हा मी एक चरित्र लिहीन असं सांगून टाकलं. नाव कळवल्यावर ग्रुपवर पहिला प्रश्न आला, हे कोण बुवा? प्रश्न बरोबरच आहे. शंभर वर्षांपूर्वी या माणसाचा एक फोटो मिळावा म्हणून वार्ताहर बंदरांवर ताटकळत उभे राहत. आज अर्थशास्त्र शिकलेल्यांखेरीज फारसं कुणाला हे नाव माहीत नाही.

मला ते माहीत होण्याचं कारण आपल्या शाळेतच आहे. इतिहासाच्या तासाला आपण शिकलो की कापूस इथून जायचा, मँचेस्टरचं कापड इकडे यायचं आणि आपले विणकर देशोधडीला लागायचे. त्या वेळी आपल्या वर्गातल्या कितीतरी जणांचे वडील गिरणीत होते, किंवा ब्याऐंशीच्या संपाआधी होते. घरी बंद गिरणीची गोष्ट आणि शाळेत मँचेस्टरची. पण त्या मँचेस्टरकडच्या गिरण्यांचं पुढे काय झालं, हे पुस्तकात नव्हतं. बऱ्याच वर्षांनी ते शोधताना मला माँटेग्यू नॉर्मन भेटले. तिथल्या किती गिरण्या ठेवायच्या आणि किती मोडीत काढायच्या, हा हिशेब ज्यांच्या पाठबळावर मांडला गेला ते हे गृहस्थ. ते गिरणीमालक नव्हते आणि मंत्रीही नव्हते. ते बँक ऑफ इंग्लंडचे गव्हर्नर होते.

नॉर्मन यांचा जन्म ६ सप्टेंबर १८७१ रोजी लंडनमध्ये झाला. बँक त्यांच्या रक्तातच होती. वडिलांचे वडील बँक ऑफ इंग्लंडचे संचालक, तर आईचे वडील मार्क कॉलेट तिथलेच गव्हर्नर. शाळा ईटनला झाली. केंब्रिजला एक वर्ष काढून त्यांनी कॉलेज सोडलं. १८९४ मध्ये ते ब्राउन शिप्ले या पेढीत लागले. तिच्या अमेरिकेतल्या शाखेत काही काळ काम केलं आणि १९०० मध्ये भागीदार झाले. त्याच सुमारास बोअर युद्धासाठी ते दक्षिण आफ्रिकेत गेले. तिथून लष्करी सन्मान मिळवून, पण तब्येत बिघडवून घेऊन परत आले.

तब्येतीचा, विशेषतः मनाच्या दुखण्याचा त्रास त्यांना जन्मभर पुरला. पेढीतल्या भागीदारांशी पटेना, झोप लागेना, काम सुचेना. १९१३ मध्ये ते झुरिकला कार्ल युंग यांच्याकडे गेले. युंग यांचं निदान अतिशय निराशाजनक होतं. पुढे लोझानच्या डॉक्टर व्हिटोझ यांच्या उपचारांनी त्यांना थोडी उभारी आली. ज्या माणसाने पुढे जगभरच्या बाजारांना धीर देण्याचं काम केलं, तो स्वतः असा अधूनमधून कोसळणारा होता.

१९१५ मध्ये पेढी सोडून ते पूर्ण वेळ बँक ऑफ इंग्लंडचं काम पाहू लागले. १९१८ मध्ये डेप्युटी गव्हर्नर झाले आणि १९२० मध्ये गव्हर्नर. तोवरचे गव्हर्नर साधारण दोन वर्षांनी बदलत. नॉर्मन त्या खुर्चीवर चोवीस वर्षं बसले.

दिसायला ते बँकरपेक्षा चित्रकार वाटत. टोकदार दाढी, रुंद काठाची टोपी. संगीताची आवड होती, आणि उत्तम सुतारकामाचंही वेड होतं. लंडनमधल्या आपल्या घराचं लाकूडकाम त्यांनी हौसेने करून घेतलं होतं. परदेशी जाताना वार्ताहरांना चुकवण्यासाठी ते प्रोफेसर स्किनर या नावाने प्रवास करत. आडनाव त्यांच्या सेक्रेटरीचं होतं. त्यांनी लग्न केलं ते थेट १९३३ मध्ये, वयाच्या ६१व्या वर्षी, प्रिसिला या दोन मुलग्यांच्या आईशी.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. बँक ऑफ इंग्लंड ही तेव्हा सरकारी बँक नव्हती. सरकारचे पैसे सांभाळणारी आणि नोटा काढणारी ही संस्था खासगी भागधारकांच्या मालकीची होती. मध्यवर्ती बँकेत राजकारण्यांनी हात घालू नये, हे नॉर्मन यांच्या आयुष्याचं सूत्र होतं. पुढे ते उद्योगांत शिरले तेही याच सूत्राच्या मागे.

आता १९२५ कडे येऊ. पहिल्या महायुद्धात पौंडाचा सोन्याशी असलेला संबंध तुटला होता. तो युद्धाआधीच्याच भावाने, म्हणजे एका पौंडाला ४.८६ डॉलर या दराने पुन्हा जोडावा, असा नॉर्मन यांचा आग्रह होता. अर्थमंत्री विन्स्टन चर्चिल यांनी एप्रिल १९२५ मध्ये तशी घोषणा केली. केन्स यांनी तेव्हाच सांगितलं होतं की हा दर चढा आहे. पौंड महाग म्हणजे परदेशी गिऱ्हाइकाला इंग्लंडचा कोळसा महाग, कापड महाग, जहाजही महाग. तो दर टिकवण्यासाठी व्याजाचे दर चढे ठेवावे लागले, म्हणजे कारखानदाराला कर्जही महाग. ज्या धंद्यांची निर्यात आधीच घसरत होती, त्यांच्या पायात हे आणखी एक ओझं पडलं.

आपल्याकडेही हीच तक्रार होती. १९२७ मध्ये रुपयाचा दर एक शिलिंग सहा पेन्स ठरवला गेला. तो एक शिलिंग चार पेन्स असावा, नाहीतर परदेशी माल स्वस्त होऊन इथले धंदे बसतील, असं मुंबईच्या गिरणीमालकांचं म्हणणं होतं. ज्या हिल्टन यंग आयोगाने हा दर सुचवला, त्याच्यापुढे नॉर्मन यांचीही साक्ष झाली होती. भारतात सोन्याची नाणी चालू करायला त्यांचा विरोध होता. याच आयोगाने भारतासाठी रिझर्व्ह बँक स्थापन करण्याची शिफारस केली. १९३५ मध्ये ती सुरू झाली ती बँक ऑफ इंग्लंडसारखी भागधारकांची बँक म्हणूनच.

नॉर्मन उद्योगांकडे वळले ते मात्र एका थकलेल्या कर्जामुळे. न्यूकॅसलची आर्मस्ट्राँग व्हिटवर्थ ही तोफा आणि युद्धनौका बनवणारी बलाढ्य कंपनी. युद्ध संपल्यावर तोफांना गिऱ्हाईक उरलं नाही, आणि न्यूफाउंडलंडमधल्या कागद कारखान्यात घातलेले पैसे अडकले. या कंपनीचं खातं बँक ऑफ इंग्लंडच्या न्यूकॅसल शाखेत होतं आणि ओव्हरड्राफ्ट लाखो पौंडांवर गेला होता. कंपनी बुडू द्यावी तर बँकेचे पैसे जाणार आणि हजारो माणसं घरी बसणार. नॉर्मन यांनी फ्रेटर टेलर या आजारी कंपन्या निस्तरणाऱ्या अनुभवी माणसाला तिथे धाडलं. १९२७ मध्ये तोफा आणि युद्धनौकांचा विभाग व्हिकर्स कंपनीशी जोडला गेला आणि व्हिकर्स-आर्मस्ट्राँग्ज जन्माला आली. या कामातून नॉर्मन यांनी एक औषध उचललं. धंदा मोठा, मागणी लहान. तर कारखाने एकत्र करा, चांगले ठेवा, उरलेले बंद करा. त्या काळी याला रॅशनलायझेशन म्हणत.

हा शब्द आपल्या आजोबांनीही ऐकला होता. एका माणसाने जास्त साचे सांभाळावेत अशा योजना मुंबईच्या गिरण्यांतही येत होत्या. त्यांच्या विरोधात १९२८ मध्ये सुमारे दीड लाख कामगार सहा महिने संपावर गेले. गिरणी कामगार युनियन त्याच संपात उभी राहिली. एकच शब्द समुद्राच्या दोन्ही काठांवर एकाच वेळी पोहोचला होता.

लँकेशायरमध्ये काय घडलं होतं? १९१३ मध्ये ब्रिटनने सुमारे ७०० कोटी वार कापड बाहेर पाठवलं, त्यातलं ३०० कोटी वारांच्या आसपास एकट्या भारतात आलं. युद्धानंतर एक-दोन वर्षं तेजी होती. तेवढ्यात अनेक गिरण्या अव्वाच्या सव्वा किमतींना विकल्या गेल्या, त्याही बँकांच्या कर्जावर. मग मंदी आली. मुंबई-अहमदाबादच्या गिरण्या होत्या, जपान होता, आयात कर होता आणि स्वदेशीची चळवळ होती. गेलेलं गिऱ्हाईक परत आलं नाही. १९३८ पर्यंत निर्यात सुमारे १४० कोटी वारांवर उतरली. गिरण्या व्याज भरू शकेनात, आणि बँका त्यांना बंदही करेनात, कारण मग स्वतःचा तोटा मान्य करावा लागला असता. अर्धी गिरणी चालवायची, मिळेल त्या भावाला सूत विकायचं आणि शेजारच्यालाही बुडवायचं, असं चाललं होतं.

जानेवारी १९२९ मध्ये नॉर्मन यांच्या पाठबळाने लँकेशायर कॉटन कॉर्पोरेशन स्थापन झालं. सूतगिरण्यांच्या १०५ कंपन्या त्यात आणल्या गेल्या. जुन्या गिरण्या बंद करून चात्या मोडीत काढायच्या आणि उरलेल्या पूर्ण चालवायच्या, ही योजना. विल्यम्स डीकन्स ही बँक कापसातल्या बुडीत कर्जांनी पोखरली होती. बँक ऑफ इंग्लंडने आतून सूत्रं हलवून १९३० मध्ये ती रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडकडे सोपवली. ठेवीदारांना याचा पत्ता लागला असता तर रांगा लागल्या असत्या.

नॉर्मन हे सगळं का करत होते? कामगारांची कणव हे एक कारण असेलही. पण मोठं कारण भीती होतं. १९२९ च्या मध्यात मजूर पक्षाचं सरकार आलं होतं. बँकांनी काही केलं नाही तर सरकार करेल, आणि एकदा सरकार कारखान्यांत शिरलं की बाहेर निघणार नाही, असं नॉर्मन यांना वाटत होतं. म्हणून त्यांनी १९२९ मध्ये बँकेच्या पोटात सिक्युरिटीज मॅनेजमेंट ट्रस्ट काढला. त्याच्यामागून एप्रिल १९३० मध्ये बँकर्स इंडस्ट्रियल डेव्हलपमेंट कंपनी आली. तिचं भांडवल ६० लाख पौंड होतं, त्यातलं पाव बँक ऑफ इंग्लंडचं आणि बाकी इतर बँकांचं. अध्यक्ष स्वतः नॉर्मन. मध्यवर्ती बँकेचा गव्हर्नर पोलाद, जहाजं आणि सूत यांच्या योजना तपासत बसला आहे, असं याआधी इंग्लंडने पाहिलं नव्हतं.

मार्च १९३० मध्ये मॅकमिलन समितीपुढे त्यांची साक्ष झाली. समितीत केन्स होते आणि कामगार नेते अर्नेस्ट बेव्हिनही होते. चढ्या व्याजदराने बेकारी वाढते का, या मुद्द्यावर दोघांनी त्यांना घेरलं. नॉर्मन यांची उत्तरं तुटक आणि मोघम होती. निर्णय कशाच्या आधारे घेता, याचं कारण त्यांना शब्दांत मांडता आलं नाही. दुखणं पैशाच्या धोरणात नसून उद्योगांच्या मांडणीत आहे, हे त्यांचं मत ठाम राहिलं. मला ही साक्ष त्यांच्या चरित्रातली सर्वांत बोलकी जागा वाटते. पौंड महाग ठेवणारा आणि महाग पौंडाने आजारी पडलेल्या गिरण्यांवर इलाज करणारा, हा एकच माणूस होता. पण या दोन टोकांची गाठ त्याने स्वतः कधी मारून पाहिली नाही.

१९३१ च्या उन्हाळ्यात पौंडावर संकट आलं आणि नॉर्मन पुन्हा कोसळले. विश्रांतीसाठी ते कॅनडाला गेले. ते जहाजातून परतत असताना, २१ सप्टेंबरला ब्रिटनने सोन्याशी असलेलं नातं तोडलं. ज्यासाठी त्यांनी दहा वर्षं घालवली ते त्यांच्या पाठीमागे मोडलं. योगायोग असा की त्याच आठवड्यात, गोलमेज परिषदेसाठी लंडनला आलेले गांधीजी लँकेशायरमधल्या डार्वेनला गेले. खादी आणि बहिष्काराने ज्यांच्या पोटावर पाय आला असं म्हटलं जात होतं, त्याच गिरणी कामगार बायकांनी त्यांना गराडा घालून जयघोष केला. तो फोटो आपण सर्वांनी पाहिला आहे. गांधीजींनी त्यांची बेकारी ऐकून घेतली आणि हिंदुस्थानातली गरिबी त्यांना समजावून सांगितली. कापडाच्या दोन टोकांची माणसं एकमेकांसमोर उभी राहिली, अशी ती विरळा भेट होती.

जहाजांच्या धंद्यात नॉर्मन यांच्या औषधाची कडू बाजू सर्वांत जास्त दिसली. १९३० मध्ये जहाजबांधणी कंपन्यांनी मिळून नॅशनल शिपबिल्डर्स सिक्युरिटी नावाची कंपनी काढली. तिचा पैसा उभा करायला नॉर्मन यांच्या कंपनीने मदत केली. कामही सरळ होतं : कारखाने विकत घ्यायचे आणि बंद करायचे. बंद केलेल्या जागेवर ४० वर्षं जहाज बांधता येणार नाही, अशी अटही घातली जाई. १९३४ मध्ये टाइन नदीकाठच्या जॅरो गावातला पामर्स कारखाना असाच बंद झाला. ते गाव त्या एका कारखान्यावर उभं होतं. कामगारांतले दहापैकी सात-आठ जण बेकार झाले. त्या जागी पोलादाचा कारखाना काढायची एक योजना आली, पण पोलाद कारखानदारांच्या महासंघाच्या विरोधापुढे ती टिकली नाही. महासंघाचे अध्यक्ष सर अँड्र्यू डंकन होते, आणि ते बँक ऑफ इंग्लंडचे संचालकही होते.

ऑक्टोबर १९३६ मध्ये जॅरोचे २०० पुरुष साडेचारशे किलोमीटर चालत लंडनला गेले. बरोबर सुमारे अकरा हजार सह्यांचा अर्ज होता आणि त्यांच्या खासदार एलन विल्किन्सन होत्या. अर्ज संसदेत दिला गेला आणि माणसं रेल्वेने परत गेली. हाती काही पडलं नाही.

हिशेबाची दुसरी बाजूही सांगायला हवी. कॉर्बी इथला पोलाद आणि नळ्यांचा नवा मोठा कारखाना १९३३-३४ मध्ये उभा राहिला, तो नॉर्मन यांच्या कंपनीच्या मदतीने. १९३६ मध्ये बेकारीग्रस्त भागांतल्या लहान धंद्यांना कर्ज देणारी संस्था निघाली, तिलाही त्यांचा हातभार होता. १९३८ मध्ये वेल्समधल्या एब्बू व्हेल इथला नवा पोलाद कारखाना अर्ध्यावर पैसे संपून बंद पडायच्या बेतात होता. नॉर्मन यांनी बँकांना एकत्र आणून तो वाचवला आणि देखरेख समितीचं अध्यक्षपद स्वतः घेतलं. तोवर बेकार खोऱ्यात कारखाना असण्याचं मोल त्यांनाही कळलं असावं, असं मला वाटतं.

शेवटची वर्षं सुखाची गेली नाहीत. जर्मनीच्या मध्यवर्ती बँकेचे प्रमुख शाख्त यांच्याशी त्यांची मैत्री होती. नाझी राजवट आल्यावरही ती त्यांनी तोडली नाही, आणि १९३९ मध्ये चेकोस्लोव्हाकियाचं सोनं जर्मनीच्या हाती गेलं तेव्हा त्यांच्यावर कडक टीका झाली. ती योग्यच होती. १९४४ मध्ये मोठ्या आजारपणानंतर ते निवृत्त झाले आणि त्यांना लॉर्डपद मिळालं. १९४६ मध्ये सरकारने बँक ऑफ इंग्लंडचं राष्ट्रीयीकरण केलं. जे टाळण्यासाठी ते उद्योगांत उतरले होते, ते त्यांच्या डोळ्यांदेखत झालं. ४ फेब्रुवारी १९५० रोजी त्यांचं निधन झालं. त्या वर्षी लँकेशायर कॉटन कॉर्पोरेशनच्या ५३ गिरण्या चालू होत्या.

मी कंपनीत जुन्या सिस्टिम बंद करण्याची कामं केली आहेत. दोनशे प्रोग्रॅम असतात, त्यातले ऐंशी ठेवायचे असतात. यादी करताना एकेका ओळीवर आपण फुली मारत जातो आणि ते बरोबरही असतं. नॉर्मन यांचं गणितही पुष्कळसं बरोबर होतं. लँकेशायरला तेवढ्या गिरण्या खरोखरच लागत नव्हत्या. पण प्रोग्रॅमला चाळ नसते, शाळेची फी नसते, आणि संध्याकाळी घरी येणारा बाप नसतो. त्यांच्या यादीत चात्या होत्या, कर्ज होतं, किमती होत्या. बंद गिरणीच्या गावाचं पुढे काय करायचं, याचा रकानाच नव्हता. कॉर्बी आणि एब्बू व्हेल पाहता तो रकाना घालणं अशक्य नव्हतं. फक्त तो फार उशिरा आला.

आपल्या बॅचमधले काही जण आज बँकांत मोठ्या जागांवर आहेत, काही सरकारात, काही माझ्यासारखे कंपन्यांत. अशा याद्या आता आपल्या टेबलावर येतात. आपण त्या यादीच्या दुसऱ्या बाजूच्या घरांतून आलो आहोत, हे आपल्याला कुणी वेगळं शिकवायला नको. गेट-टुगेदरला याल तेव्हा शाळेच्या मागच्या रस्त्याने या. बंद गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर भेटू.